लँग्स्टन ह्यूज : खलाशी, कवी आणि समाजभाष्यकार

अमेरिकन कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज (मृत्यू १९६७) यांचा परिचय आपल्या महाविद्यालयांत बहुधा 'हार्लेमचा कवी' एवढाच करून दिला जातो. त्यांच्या खलाशी जीवनाचा उल्लेख झालाच तर तो एक रंजक तपशील म्हणून. प्रस्तुत लेखात या अनुभवाचा त्यांच्या वाङ्मयाशी असलेला संबंध तपासावयाचा आहे.

कोलंबिया विद्यापीठ एका वर्षात सोडून ह्यूज १९२३ साली 'वेस्ट हेसेल्टाइन' या मालवाहू जहाजावर मेसमधील पोऱ्या म्हणून लागले व पश्चिम आफ्रिकेस गेले. 'द बिग सी' (१९४०) या आत्मचरित्रात, निघताच आपण पुस्तके समुद्रात फेकून दिल्याचे ते सांगतात. यावरून 'समुद्राने त्यांना कवी केले' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो टिकत नाही. नद्यांवरील त्यांची सुप्रसिद्ध कविता १९२१ मध्येच 'क्रायसिस' मासिकात आली होती. शिवाय पुस्तके फेकणाऱ्या या खलाशाने पुढे १९२९ मध्ये लिंकन विद्यापीठाची पदवीही घेतली.

मग समुद्राने काय दिले? १९२१ च्या कवितेतील आफ्रिका ही कल्पनेतील पूर्वजभूमी होती. प्रत्यक्षात तेथील लोकांनी त्यांचा गव्हाळ वर्ण पाहून त्यांना 'गोरा' ठरविले. तयार माल नेणारी व कच्चा माल आणणारी जहाजे त्यांनी कष्टकऱ्याच्या जागेवरून पाहिली. केवळ रक्ताच्या नात्याने माणसे एक होत नाहीत. श्रम, सत्ता व व्यापार यांचाही त्यात वाटा असतो, ही जाण येथून आली असे म्हणता येईल. समुद्राने कवी घडविला नाही. समाजभाष्यकार मात्र घडविला.

या भाष्यकाराचे उत्तम रूप 'सिंपल' या पात्रात दिसते. 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रातील सदरात १९४३ साली अवतरलेला हा हार्लेमचा कष्टकरी दोन दशकांहून अधिक काळ बोलत राहिला. गुत्त्यावर तो एका सुशिक्षित मित्राशी वाद घालतो. मित्राची भाषा शुद्ध. पण मुद्दा बहुधा सिंपलचा खरा असतो. बोलीला ह्यूज यांनी केवळ विनोदाचे साधन केले नाही, तर विचाराचे माध्यम केले, हे त्यांचे मोठे यश होय.

मर्यादाही नोंदविली पाहिजे. १९५३ मध्ये मॅकार्थी यांच्या समितीपुढे साक्ष देताना ह्यूज यांनी आपल्या जहाल लेखनापासून अंतर राखले. १९५९ च्या निवडक कवितांच्या संग्रहातून तशा बहुतेक कविता त्यांनी स्वतःच वगळल्या. त्या काळचे दडपण समजून घेता येते. परंतु त्यांनी केलेली निवड हीच आपली पाठ्यनिवड ठरली, तर विद्यार्थ्यांच्या हाती अर्धाच ह्यूज पडतो.

मराठी वाचकास हा विषय परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. कोकणातील अनेक मुस्लिम घरांतील पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर चाकरीस होत्या. आपल्या वर्गात दखनी, कोकणी किंवा सीमाभागातील मराठी बोलणारे विद्यार्थी असतात. त्यांचे उत्तर ऐकताना आपण प्रथम भाषेची चूक पाहतो की मुद्दा, हा प्रश्न सिंपल आपल्यालाही विचारतो. ह्यूज शिकवावयाचे असतील, तर कवितेबरोबर हे सदरलेखनही वर्गात वाचले जावे.