उडीचा आठवडा आणि जहाजाचा हप्ता : ‘ट्रॅव्हलर’ या खेळातला अंतराळप्रवास

आज आम्ही ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत त्यात बघण्यासारखं काहीच नाही. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण जग सांभाळतो, त्याला या खेळात रेफरी म्हणतात. बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आणि जिथं गाडं अडेल तिथं फासे टाकतात. खेळाचं नाव ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी रचलेला, अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ साली काढलेला. तीन छोट्या काळ्या पुस्तिका, बस्स.

आपल्यातले बरेच जण विज्ञानकथा लिहितात, काही जण अशा खेळांसाठी स्वतःची जगं रचतात. त्यांची सुरुवात आम्ही नेहमी एकाच पद्धतीने होताना पाहतो. आधी साम्राज्य, मग परग्रहावरच्या जमाती, मग दहा हजार वर्षांचा इतिहास. जहाज कसं चालतं हे शेवटी, आणि तेही ‘हायपरड्राइव्ह आहे’ एवढ्यावर भागवून. ‘ट्रॅव्हलर’ने नेमकं उलट केलं. त्या पहिल्या तीन पुस्तिकांत साम्राज्याचा तपशील जवळजवळ नाहीच. आधी प्रवासाचे नियम आले, आणि त्या नियमांवर पुढच्या काही वर्षांत साम्राज्य उभं राहिलं.

नियम सोपा आहे. एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे ‘उडी’ मारायची. उडीला साधारण एक आठवडा लागतो, अंतर कितीही असो. साधं जहाज त्या आठवड्यात एक पार्सेक जातं, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं; सर्वांत जबर जहाज सहा पार्सेक. दर पार्सेकला जहाजाच्या आकारमानाचा दहावा हिस्सा हायड्रोजन इंधन म्हणून खर्ची पडतो. उडीच्या आठवड्यात बाहेरच्या कुणाशी बोलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ या विश्वात नाही. बातमी पोचायची तर कुणीतरी जहाजात घालूनच न्यायची.

या शेवटच्या एका ओळीने केवढं काम केलंय बघा. राजधानीला सीमेवरची खबर महिनोन्महिने लागत नाही, त्यामुळे सीमेवर जो बसलाय त्यालाच निर्णय घ्यावा लागतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं, आणि नानासाहेब त्यानंतरही काही दिवस कुमक घेऊन उत्तरेकडेच चालले होते. त्यांच्यापुरती लढाई अजून हरलेलीच नव्हती. ‘ट्रॅव्हलर’मधला प्रत्येक ग्रह कायम अशा कुठल्या तरी मधल्या दिवसांत जगत असतो. जहाजाचा कप्तान बंदरावर उतरतो तेव्हा मालाच्या आधी लोक त्याला बातमी विचारतात. खेळणाऱ्याच्या हाती काहीही न देता त्याला महत्त्व देण्याची इतकी स्वस्त युक्ती आम्ही दुसऱ्या खेळात पाहिलेली नाही.

इथं एक तक्रार मात्र नोंदवू. पुढच्या पुस्तकांनी या अंतरावरून थेट वंशपरंपरागत सरदार आणि उमराव काढले, जणू दुसरा इलाजच नव्हता. दूरच्या सुभ्याला स्वतःचं डोकं चालवावं लागतं, हे नियमातून निघतं. तो सुभा बापाकडून मुलाकडेच गेला पाहिजे, हे कुठे निघतं? ते रचनाकारांच्या वाचनातून आलंय, भौतिकशास्त्रातून नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण या खेळाचा खरा जीव तिथं आहे. १९८१ च्या सुधारित आवृत्तीतले आकडे घेतो. फ्री ट्रेडर नावाचं दोनशे टनी जहाज. इथं टन म्हणजे वजन नव्हे, आकारमान. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. वीस टक्के आधी भरायचे, मग दर महिन्याला किमतीचा २४० वा भाग, ४८० महिने. चाळीस वर्षांचं कर्ज! हप्ता येतो १ लाख ५४ हजार ५००. उडीचा एक आठवडा, बंदरात एक आठवडा, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. जहाज भरलेलं असेल तर सहा वरच्या वर्गाचे प्रवासी दहा-दहा हजारांनी, वीस खालच्या वर्गाचे हजार-हजारांनी, आणि ८२ टन माल टनाला हजाराने. एका फेरीचे १ लाख ६२ हजार. दोन फेऱ्यांत चांगले पैसे सुटतात.

पण जहाज अर्धंच भरलं तर? तर दोन फेऱ्या मिळून तेच १ लाख ६२ हजार. हप्ता वजा जाता हातात उरतात ७ हजार ५००. चौघा कर्मचाऱ्यांचे पगारच १५ हजार आहेत. शुद्ध इंधन टनाला ५०० ने पडतं, एका उडीला वीस टन लागतं. परवडत नाही. मग काय करायचं? गुरूसारखा एखादा वायुग्रह गाठायचा, त्याच्या वातावरणात जहाज घालून फुकटचा हायड्रोजन भरून घ्यायचा. तो अशुद्ध. अशुद्ध इंधनाने उडी चुकण्याची भीती वाढते, आणि चुकलेली उडी जहाजाला छत्तीस पार्सेकपर्यंत कुठेही नेऊन टाकू शकते. बरं, उडी ग्रहापासून त्याच्या व्यासाच्या शंभरपट दूर गेल्यावरच मारायची. पृथ्वीएवढ्या ग्रहापासून हे अंतर पावणेतेरा लाख किलोमीटर. फ्री ट्रेडरच्या वेगवाढीने निम्म्या वाटेवर उलटं फिरून वेग कमी करत गेलं तर सुमारे सहा तास. चाच्यांना हेच सहा तास हवे असतात.

म्हणजे साहस रेफरीला शोधावंच लागत नाही. महिनाअखेर जवळ आली की ते आपोआप येतं. एरवी सरळ असलेला कप्तान एखादी पेटी न उघडता नेण्याचं कबूल का करतो, याचं उत्तर हप्त्याच्या तारखेत असतं. (व्यापाराच्या सट्ट्याचे नियम मात्र ढिले आहेत. दोन-चार फासे बरे पडले की कर्जाची भीतीच जाते आणि हे सगळं यंत्र बंद पडतं. आम्ही ते नियम आमच्या टेबलावर आवळून वापरतो.)

याच्या शेजारी ‘स्टार ट्रेक’ ठेवून बघा. तिथं जहाज कथेला हवं तेव्हा पोचतं. मालिकेत ते खपतं, कारण वेळेचा हिशेब लेखकाकडे असतो. टेबलावर तो खेळणाऱ्यांकडे असतो. ‘उशीर होईल का?’ याला ‘मी म्हणेन तसं’ हे उत्तर मिळालं की त्यांनी ठरवण्यासारखं काही उरत नाही.

मघाशी खालच्या वर्गाचे वीस प्रवासी म्हणालो, त्यांच्याकडे परत येऊ. हा वर्ग म्हणजे गोठवून, बेशुद्ध नेलेली माणसं. कल्पना ई. सी. टब यांच्या ड्युमरेस्टच्या कादंबऱ्यांतून आलेली आहे. जाग येताना दोन फासे टाकायचे. पाच किंवा जास्त आलं तर माणूस जगला. हिशेब करा. छत्तीसांत सहा, म्हणजे सहांतला एक मरतो. चांगला डॉक्टर असेल तर बारांतला एक. वीस जण नेले की फेरीला तीन मुडदे. शिवाय या प्रवाशांची एक लॉटरी असते: किती जण जगतील याचा प्रत्येकाने अंदाज करायचा, आणि बरोबर अंदाजवालाच मेला तर पैसे कप्तानाला. पुस्तकात हे कोरड्या नियमाच्या भाषेत येतं, आणि पुढचा परिच्छेद सुरू होतो.

साम्राज्याचं खरं वर्णन या परिच्छेदात आहे, उमरावांच्या वंशावळीत नाही, असं आमचं मत आहे. हजारात जीव पणाला लावून माणूस ज्या ग्रहावरून निघतो, तिथं काय चाललं असेल?

हे आम्ही आज मोठ्या तोंडाने सांगतोय, पण आम्हीच आठ महिने एक खेळ चालवला आणि दर फेरीला ‘खालचे वीस, वीस हजार’ एवढंच वहीत लिहिलं. एकदाही फासे टाकले नाहीत. वेळ जातो म्हणून. एका संध्याकाळी जहाजावरच्या डॉक्टरची भूमिका करणाऱ्या मुलीने विचारलं, ‘‘सर, आपण आत्तापर्यंत किती जणांना नेलं?’’ वही काढली. सोळा फेऱ्या, ३२० माणसं. तिने फासे मागून घेतले आणि एकेक करून टाकायला लागली. तिचं कौशल्य धरून चार किंवा जास्त आले की जगले. पहिल्या पन्नासांपर्यंत टेबलावर थट्टा चालली होती. शंभराच्या आसपास ती थांबली. पुढे फाशांचा आवाज आणि तिचे आकडे एवढंच. शेवटी २९ निघाले.

पुढच्या वेळी त्या चौघांनी खालचे कप्पे काढून तिथं माल भरायचं ठरवलं. उत्पन्न घटलं, दोन हप्ते चुकले, आणि कर्जवसुलीवाले मागे लागले. मग बंदरावर एक म्हातारी आली. तिला मुलाकडे जायचं होतं, गाठीला हजारच होते, आणि धोका तिला माहीत होता. तिचं म्हणणं, ‘‘मला न्यायचं नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?’’ त्यावर टेबलावर तासभर वाद झाला. तो कुठे गेला ते प्रश्नोत्तरांत सांगू, कारण त्या मुलीचं आणि आमचं त्यावर आजही एकमत नाही, आणि ती आज इथं समोर बसली आहे.