तारपा आणि आपली झोप
मन शांत करणारे संगीत म्हणून हल्ली तारप्याची ध्वनिमुद्रणे ऐकवली जातात. नांदगावच्या घरी, रात्रीची मालगाडी निघून गेल्यावर, मीही एक ऐकले आणि झोपी गेलो. त्या झोपेविषयीच मला शंका आहे.

तारपा हे वारली समाजाचे वाद्य : वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण. नवे भात हाती येण्याच्या दिवसांत तो घुमतो. वादक श्वास न तोडता फुंकतो. सूर बदलला की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांच्या तारपा-नृत्याच्या चित्रांतही वादकाभोवती माणसांची साखळी फिरत असते. स्वस्थ कोणीच नाही.

या संगीतात विसावा नाही असे नव्हे. पण तो शेतात राबलेल्या अंगांनी एकत्र नाचून मिळवलेला विसावा आहे. आमचा तालुका कोरडवाहू, भातखाचरांपासून दूर. म्हणून मला हे उशिरा उमगले. ध्वनिमुद्रणात सूर साठवता येतो. वेल, ताड आणि खाचर गेले, तर नवा तारपा कशाचा करणार, आणि तो वाजवायचा कशासाठी?