कल्पभेद आणि कालप्रवास

पुराणांवरील जुने टीकाकार एका बाबतींत मोठे धीराचे होते. एकच कथा दोन पुराणांत दोन तऱ्हांनीं आलेली दिसली तरी त्यांची लेखणी अडखळत नसे. गणपतीचें मस्तक शिवपुराणांत शंकराच्या त्रिशूळानें तुटतें, तर ब्रह्मवैवर्तांत शनीची दृष्टि पडतांच धडावेगळें होतें. यांपैकीं खरें कोणतें? टीकाकार शांतपणें उत्तर देतो कीं, हा कल्पभेद समजावा. एका कल्पांत असें घडलें, दुसऱ्यांत तसें. अमेरिकेंतून येणाऱ्या सुपरहिरोंच्या चित्रपटमालांनीं अलीकडे हीच युक्ति 'मल्टिव्हर्स' या नांवानें बाजारांत आणिली आहे. एका भागांत मेलेला वीर पुढील भागांत हसतमुखानें उभा राहिला, तर तो दुसऱ्या विश्वांतला समजावा! औषध तेंच आहे. परंतु तें देणारा वैद्य बदलला आहे, आणि त्यामुळें रोग्याचें काय झालें हें पाहण्याजोगें आहे.

असल्या पोरखेळाची चिकित्सा साहित्याच्या मासिकानें कशाला करावी, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, ज्या घरांतील मुलांना ध्रुव आणि नचिकेता हे कोण हें सांगतां येत नाहीं, त्याच घरांत आयर्न मॅन कोणत्या चित्रपटांत व कसा मेला याची खडान्‌खडा माहिती असते. कथेकडून काय अपेक्षावें याचे संस्कार त्या मुलांवर आज येथेंच होत आहेत. शिवाय नाशिककरांनीं तरी अद्भुत चित्रपटांस नाक मुरडूं नये. नाक हा आमच्या गांवीं शूर्पणखेपासून नाजूक विषय आहे. दादासाहेब फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले, त्यांनीं आपले बहुतेक मूकपट नाशकांत काढले, आणि १९४४ सालीं ते नाशकांतच वारले. त्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' या चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. पति व पत्नी यांचा चेहरा एकच, हा दोष आजच्या दोषान्वेषी तरुणांनीं किती चघळला असता! परंतु लोकांनीं तो चित्रपट डोक्यावर घेतला. पुढें १९१८ चा 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ चा 'कालिया मर्दन' या दोहोंत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. एका चित्रपटांतील पात्र त्याच चेहऱ्यानें दुसऱ्यांत आणण्याची हौस आपल्याकडे इतकी जुनी आहे.

चेहऱ्याचा प्रश्न हा मुळीं कथेचा प्रश्नच नव्हे. आयर्न मॅनचें काम करणारा नट रॉबर्ट डाउनी हा त्याच मालेंत आतां डॉक्टर डूम नामक खलपुरुष होणार, अशी घोषणा २०२४ च्या जुलैंत झाली, तेव्हां पुष्कळांनीं गिल्ला केला. मला त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. मेलेला टोनी स्टार्क मेलेलाच राहिला म्हणजे झालें.

तारखांच्या चुकांविषयींहि माझें मत असेंच उदार आहे. 'स्पायडरमॅन : होमकमिंग' या २०१७ च्या चित्रपटाचा आरंभ न्यूयॉर्कच्या युद्धानंतर लगेच, म्हणजे २०१२ सालीं होतो, नंतर पडद्यावर 'आठ वर्षांनंतर' अशीं अक्षरें उमटतात. आतां त्यापुढील प्रसंग तर २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'च्या पाठोपाठचे आहेत. चारांचीं आठ कशीं झालीं, याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें, आणि मालेच्या दुसऱ्या चित्रपटांच्या एका दिग्दर्शकानें तें गणित चुकलेलें असल्याचें कबूलहि केलें. परंतु या चुकीनें कोणत्या प्रेक्षकाचा कंठ दाटावयाचा राहिला? असले दोष हुडकणारे लोक रसिक नव्हेत, हिशेबतपासनीस आहेत. हनुमंताचा जन्म आमच्या अंजनेरीस कीं किष्किंधेस, यावर २०२२ च्या मे महिन्यांत नाशकांत धर्मसभा भरली होती. तींत निर्णयापेक्षां खडाजंगीच अधिक झाली. समुद्र ओलांडणाऱ्या त्या उड्डाणाची थोरवी अशा निवाड्यानें तिळभर वाढत नाहीं कीं घटत नाहीं. काव्यांत पटणारें अशक्य हें न पटणाऱ्या शक्यापेक्षां बरें, असा निर्णय ॲरिस्टॉटलनें केव्हांच देऊन ठेविला आहे.

मग खरा दोष कोठें आहे? २०१९ सालचा 'ॲव्हेंजर्स : एन्डगेम' हा चित्रपट घेऊं, कारण कालप्रवासाचे नियम त्यानें स्वतःच मोठ्या थाटानें सांगितले आहेत. भूतकाळांत जाऊन कांहीं बदल केला तरी आपला वर्तमानकाळ बदलत नाहीं, हा त्याचा पहिला नियम. भूतकाळांतून एखादें दिव्य रत्न उचलून आणलें तर तेथून काळाला नवी शाखा फुटते, हा दुसरा. ठीक आहे. कॅप्टन अमेरिका शेवटीं तीं रत्नें परत ठेवावयास जातो, आणि यंत्रावाटे परत न येतां जवळच्याच बाकावर म्हातारा होऊन बसलेला दिसतो. मधलें सारें आयुष्य त्यानें आपल्या जुन्या प्रेयसीच्या, पेगीच्या, संगतींत सुखानें घालविलें आहे. तें आयुष्य कोणत्या शाखेंत गेलें? दिग्दर्शक म्हणाले, निराळ्या शाखेंत. पटकथा लिहिणारे म्हणाले, छे, याच शाखेंत. तो पहिल्यापासून येथेंच होता! एका सूत्रावर द्वैत्यांचें भाष्य निराळें आणि अद्वैत्यांचें निराळें असावें, तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें सूत्रकार हयात असून तेच आपसांत भांडत आहेत.

प्रेक्षकांचा सारा वाद या शाखेच्या हिशेबावरच खर्च झाला, आणि त्या छिद्रांतून काय गळून गेलें याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो याच काळांत राहिला होता असें धरून चाला. मग पेगीनें उभारलेल्या संस्थेंत शत्रूनें घर केलें आहे, हें त्याला ठाऊक होतें, कारण २०१४ च्या 'विंटर सोल्जर'मध्यें तें त्यानेंच उघडकीस आणलें. आपला बालमित्र बकी कैदेंत असून त्याच्याकडून एकामागून एक खून करविले जात आहेत, हेंहि त्याला ठाऊक होतें. १९९१ सालीं टोनी स्टार्कच्या आईबापांचा खून होणार, ही गोष्टहि त्याच्या पोटांत होती. आणि एवढें सारें जाणणारा हा मनुष्य, ज्याचें सारें ब्रीदच अन्यायापुढें स्वस्थ न बसण्याचें, तो अनेक दशकें दारें लावून स्वस्थ बसला! ही तारखेची चूक नव्हे. ही शीलाची चूक आहे. आनंदवर्धनानें रसभंगाचें एकच कारण मानलें, तें म्हणजे अनौचित्य. त्याच्या तराजूंत हें माप टाकून पाहावें. तोच जर निराळ्या शाखेंत राहिला असेल, तर तेथल्या बकीला सोडविण्यास तो मोकळा होता. पण मग तीच खरी सांगण्याजोगी कथा, आणि चित्रपटानें तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं.

याहूनहि वाईट खोड म्हणजे झालेलें दुःख मागाहून रद्द करणें. तिचा मूळपुरुष १९७८ चा 'सुपरमॅन' होय. भूकंपांत प्रेयसी लोइस मरते. मनुष्यांच्या इतिहासांत ढवळाढवळ करूं नकोस, ही बापाची आज्ञा मोडून तो पृथ्वीभोंवतीं उलटा घिरट्या घालतो आणि काळ मागें सरकवितो. आज्ञाभंगाचा दंड काय? कांहीं नाहीं. गंमत अशी कीं, ही युक्ति मुळांत दुसऱ्या भागासाठीं योजिलेली होती. म्हणून त्या भागाची जी मूळ दिग्दर्शकाच्या योजनेप्रमाणें जुळविलेली आवृत्ति २००६ सालीं निघाली, तींतहि काळ पुन्हां तसाच उलटा फिरतो. एकदां उलटलेला काळ ही अद्भुत गोष्ट. दुसऱ्यांदा उलटला म्हणजे ती घरगुती सोय झाली.

'एक्स-मेन' मालेंत या सोयीची कमाल दिसते. २००६ च्या 'द लास्ट स्टँड'मध्यें लोगनला आपल्या प्रिय जीनला स्वतःच्या नखांनीं मारावें लागतें. २०१३ चा 'द वुल्व्हरिन' हा चित्रपट त्या एका जखमेवरच उभा आहे; ती त्याच्या स्वप्नांत येते, त्याला झोपूं देत नाहीं. आणि लगेच पुढल्या वर्षीं, 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मध्यें, तो १९७३ सालांत जाऊन येतो तों जीन पुन्हां पाठशाळेच्या दारांत उभी! प्रेक्षकांनीं वर्षानुवर्षें वाहिलेला शोक एका दृश्यांत बुडीत खात्यांत गेला. न्याय करावयाचा तर इतकें म्हटलें पाहिजे कीं, जुनें सारें एकट्या लोगनच्या स्मरणांत राहतें, आणि तिला पाहतांना त्याच्या चेहऱ्यावर तें दिसतें. त्या चित्रपटांतील तेवढा एक क्षण सच्चा आहे.

आपल्या पुराणांत कालप्रवास नाहीं असें नाहीं. राजा रैवत आपल्या रेवतीसाठीं वर विचारावयास ब्रह्मदेवाकडे जातो. तेथें गंधर्वांचें गाणें चाललें आहे म्हणून क्षणभर थांबतो. गाणें संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो कीं, तूं मनांत योजिलेले वर तर गेलेच, त्यांचे नातूपणतूहि उरले नाहींत. सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. येथें कोणी काळ मागें फिरवीत नाहीं. राजा परततो तो एका अनोळखी पृथ्वीवर. रेवती बलरामास दिली जाते, आणि जुन्या युगांतली म्हणून ती फार उंच असल्यामुळें बलराम तिला नांगराच्या टोंकानें ओढून आपल्या जोगी करतो. कथेंतील छिद्र पुराणकाराला दिसलें होतें. त्यानें तें नांगरानें बुजविलें. महाभारताच्या वनपर्वांत भीमाला हनुमंत भेटतो, तेव्हां दोन युगांचे वीर एकत्र आणण्याची हौस कवीनेंहि भागवून घेतली आहे. पण समुद्र ओलांडतांनाचें तें रूप मला दाखव असें भीम म्हणतो, त्यावर हनुमंताचें पहिलें उत्तर नकाराचें आहे: तो काळ निराळा होता, आतां तें रूप तसें राहिलें नाहीं. पुढें तो दाखवितो, पण युगायुगांतील अंतर आधीं नीट समजावून देऊन.

सावित्रीनें मेलेला पति परत आणलाच कीं, असें कोणी म्हणेल. आणला, परंतु नियम मोडून नव्हे. यमानेंच दिलेल्या शंभर पुत्रांच्या वरांत त्याला बांधून आणला. शापाचेंहि तसेंच आहे. शमीक ऋषीला आपल्या मुलानें परीक्षिताला दिलेला शाप मुळींच रुचला नाहीं, तरी तो मागें घेतां येईना. सात दिवसांची सूचना धाडण्यापलीकडे त्याच्या हातीं कांहीं उरलें नव्हतें. आपल्या कथांत शापाला उःशाप असतो, पण शाप पुसून टाकणारें खोडरबर नसतें. हिंदींतील 'क्रिश' या २००६ सालच्या चित्रपटानें नकळत कां होईना ही जुनी वाट धरली आहे: भविष्य दाखविणाऱ्या यंत्रांत डॉक्टर आर्याला आपलेंच मरण दिसतें, आणि तें टाळतां येत नाहीं. बाकीचा चित्रपट बेताचाच आहे, परंतु कंसाला आकाशवाणी ऐकूं आली तेव्हांपासून आपल्या प्रेक्षकाला ही भीति ओळखीची आहे.

म्हणून कल्पभेद आणि मल्टिव्हर्स या दोन वस्तू एक नव्हेत. कल्पभेद हें टीकाकाराचें हत्यार होतें. कथा आधीं रचल्या गेल्या, त्यांवर लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला, आणि मागाहून विसंगति दिसली तेव्हां त्या प्रेमापोटीं टीकाकारानें सारवासारव केली. कोणत्याहि कवीनें लिहावयास बसतांना असा हिशेब केला नाहीं कीं, येथें वाटेल त्याला मारूं, लागल्यास कल्पभेद आहेच. हल्लींच्या पटकथाकारानें भाष्यकाराची सबब आपल्या हातीं आधींच घेऊन ठेविली आहे. त्याच्या पात्राचें मरण नटाच्या कराराच्या मुदतीवर आणि कंपन्यांच्या मालकीवर अवलंबून असतें. २०१७ च्या 'लोगन'मध्यें जो वीर खरोखर मेला, त्याचीं हाडें २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्यें आरंभींच उकरून त्यांनीं मारामारी केली आहे. विनोद म्हणून तें झकास आहे, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच चित्रपटांत दुसऱ्या विश्वांतील दुसरा लोगन आणून उभा करावा लागला, यावरून पहिल्याच्या मरणाला हात लावण्याचें धैर्य त्यांनाहि झालें नाहीं असें दिसतें.

जेथें हें भान राखलें, तेथें दुसऱ्या शाखेची युक्तिहि फळाला आली आहे. २०१८ सालीं बळी गेलेल्या गमोराच्या जागीं भूतकाळांतून तरुण गमोरा येते. पण ती पीटर क्विलला ओळखत नाहीं, आणि २०२३ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या तिसऱ्या भागांत तो कितीहि झुरला तरी ती त्याची होत नाहीं, आपल्या सोबत्यांकडे निघून जाते. चेहरा परत मिळाला, माणूस मिळालें नाहीं. त्या सबंध मालेंत मला इतकें करुण दुसरें कांहीं आढळलें नाहीं.

आणि हें साधावयास कोट्यवधि डॉलर लागतात असेंहि नव्हे. २०२१ च्या डिसेंबरांत नाशकांत जें चौऱ्याण्णवावें साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मराठी वाचकांनीं या दृष्टीनें पुन्हां काढून वाचावी. इतिहासाचे पंडित गंगाधरपंत अशा एका जगांत जाऊन पोहोंचतात कीं, जेथें १७६१ सालीं विश्वासरावाला गोळी लागली नाहीं आणि पानिपत मराठ्यांनीं जिंकलें. मराठी मनाला याहून मोठा मोह कोणता घालावयाचा? तरीहि त्या जगांत पंतांना राहूं दिलेलें नाहीं, आणि आपलें पानिपतहि पुसलेलें नाहीं. ते परत येतात तें याच जगांत; आणि खिशांत निघतें तें दुसऱ्या जगांतल्या बखरीचें फाटलेलें एक पान, ज्यावर गोळी विश्वासरावाच्या कानाजवळून निघून गेली असें छापलें आहे.