प्रवास आणि अप-डाउन

'प्रवास' हा शब्द मराठी वाङ्मयात मोठ्या मानाचा आहे. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' सांगितला तो सत्तावन सालच्या वणव्यातून चालत जाऊन; अनंत काणेकरांनी 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' लिहिले ते युरोप आणि रशिया पाहून. मनुष्याने घर सोडावे, काही अपूर्व पाहावे, आणि परत येऊन ते चार लोकांस सांगावे, असा या प्रकाराचा संकेतच ठरून गेला आहे. परंतु जो मनुष्य रोज पहाटे घर सोडतो, ज्याला वाटेत अपूर्व असे काहीच दिसत नाही, आणि रात्री परतल्यावर ज्याला कोणी काही विचारीतही नाही, त्याच्या जाण्यायेण्याला आमच्या वाङ्मयात नाव नाही. व्यवहारात मात्र आहे. गोंदिया जिल्ह्यात त्याला 'अप-डाउन' म्हणतात. "मास्तर राहतात कुठे?" "गोंदियाला, अप-डाउन करतात." या उत्तरात माहिती असते तसे थोडे दूषणही असते. हे जाणेयेणे मराठी लेखकांनी का टाळले, आणि टाळल्याने काय गमावले, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रश्नासाठी गोंदियाच निवडण्याचे कारण असे की, हे गाव रुळांनीच मोठे केले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगढचा जुना अरुंद मार्ग हाती घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून येणारी छोटी गाडी येथे येऊन मिळाली. आणि पुढे चांद्याकडील फाटाही निघाला. आज पश्चिमेस तिरोडा-तुमसरवरून नागपूर, पूर्वेस आमगाव-सालेकसावरून डोंगरगड, उत्तरेस बालाघाट आणि दक्षिणेस सौंदड-अर्जुनीवरून वडसा, अशा चार दिशांना येथून माणसे रोज पांगतात आणि रोज परततात. देवरीला मात्र रूळ नाहीत. तिकडे जाणाऱ्याचे दैव रायपूरच्या महामार्गावर. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दोन अर्जुन्या आहेत आणि त्यांतील एकीच्या नावातच 'सडक' आहे. गावाने आपल्या नावात घेतलेली सडक लेखकांना मात्र दिसू नये, याची गंमत वाटते.

याच लोहमार्गावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध भेट झाली आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. राजनांदगावची ती वाट गोंदियावरूनच जाते. आता पाहा: आमच्या चरित्रकारांना आगगाडीचा डबा हवा असतो तो असा, आयुष्याला एकदाच वळण देणारा. त्याच मार्गावर तिरोड्याहून गोंदियाला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारी कोणी दैवी पुरुष बसत नाही. कालचाच मनुष्य बसतो, आणि कालचेच बोलतो. गदिमांच्या बालगीतातील आगगाडीसुद्धा आजोळी जाते. शाळेत जाणारी आगगाडी आमच्या मुलांना कोणी गाऊन दाखविली नाही.

मुंबईच्या लेखकांनी रोजचे जाणेयेणे पाहिले, हे कबूल केले पाहिजे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) मधून नगरातील यंत्रवत् जीवन मराठी कवितेत शिरले आणि पुढील कथेने लोकलगाडीला पुष्कळ जागा दिली. परंतु तेथे लोकल ही बहुधा गर्दीची खूण म्हणून येते. गर्दीत माणूस हरवतो, हे तिचे तात्पर्य. गोंदियाच्या डब्यात माणूस हरवत नाही. उलट तो फार ओळखला जातो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची बदली अडली, कोण आज आला नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मुंबईचा साचा येथे उपयोगी नाही, आणि तो साचा सोडला तर दुसरा हाताशी नाही. मग दिवाळी अंकांतून जे येते ते म्हणजे पत्ते कुटणारे पासधारक, भाजी निवडणाऱ्या बाया आणि एक तिकीट तपासनीस. विनोद झाला की गाडी सुटली. भाजी निवडणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी काय चालले होते, ते लेखकाने तिला विचारलेले नसते.

खरे पाहता हे काम लघुनिबंधाचे होते. फडके, खांडेकर, काणेकर यांनी तो प्रकार रूढ केला तोच मुळी क्षुल्लक वाटणाऱ्या अनुभवात काही सापडते या श्रद्धेने. परंतु त्यांच्या निबंधातील 'मी' हा सवडीचा मनुष्य आहे. त्याला गाडी चुकली तर एक सुंदर विचार सुचतो. ज्याला गाडी चुकली तर अर्ध्या दिवसाची रजा मांडावी लागते, त्याला निबंध सुचत नाही. या भेदाकडे आमच्या टीकाकारांनी कधी पाहिले नाही, आणि लघुनिबंध कोमेजला तेव्हा त्यांनी दोष दिला तो त्याच्या तंत्राला.

आता या भूमीच्या स्वतःच्या वाङ्मयाकडे वळू. नवेगावबांधचे अरण्य मारुती चितमपल्ली यांनी मराठी घराघरांत नेले, याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ते पाहणे राहणाऱ्याचे आहे: तळ्याकाठी तासन् तास बसणाऱ्या, पक्ष्याची वाट पाहणाऱ्या माणसाचे. तेच जंगल बसच्या खिडकीतून वर्षाला दोन-चारशे वेळा पाहणाऱ्याचे पाहणे निराळे असते. त्याला पक्ष्याचे नाव ठाऊक नसते. पण कोणत्या वळणावरचा पळस यंदा उशिरा फुलला, हे तो बिनचूक सांगेल. हेही एक ज्ञान आहे. ते लिहिले गेले नाही. झाडीबोलीच्या चळवळीनेही येथे मोठे काम केले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी त्या बोलीला शब्दकोश दिला, संमेलने दिली, आत्मविश्वास दिला. त्यातून आलेल्या कथा-कवितांत धानाची बांदी आहे, दंडार आहे, आजीचे बोलणे आहे. माझ्या वाचनात आलेल्या त्या लेखनात फारशी नाही ती सकाळची गाडी. बोलीच्या दृष्टीनेही हे नुकसानच आहे. गोंदिया-आमगावच्या डब्यात झाडी, पोवारी, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच बाकावर बसतात आणि एका वाक्यात दोनदोन भाषा सहज मिसळतात. कोशाला शुद्ध नमुना हवा असतो. कथेला हे मिसळलेले बोलणे चालले असते.

आणि येथेच अवघड गोष्ट बोलली पाहिजे. ग्रामीण वाङ्मय लिहिणाऱ्यांत शिक्षकवर्ग मोठा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) कोवळा मास्तर पायी चालत त्या वाडीवर जातो, तेथे राहतो, आणि राहतो म्हणूनच ती कादंबरी घडते. तेव्हापासून मास्तर-लेखकाचा आदर्श ठरला तो गावात राहणारा. शासनाचा दंडकही तोच: शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे, घरभाडे भत्त्याचा वाद याच अटीभोवती फिरतो. प्रत्यक्षात पुष्कळांचे बिऱ्हाड शहरात असते, कारण मुलांची शाळा तेथे, आजारी आईबाप तेथे, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी आणखी तिसऱ्या गावी. कागदावर तो गावात राहतो. देहाने तो गाडीत असतो. अशा मनुष्याने आपल्या अप-डाउनविषयी प्रांजळपणे लिहिणे म्हणजे कबुलीजबाबच होय. म्हणून तो लेखणी हाती घेतली की बालपणीच्या गावाकडे पळतो. त्या गावात तो राहत होता, यात शंका नाही, आणि तेथे कोणी हजेरीपट घेऊन उभा नाही. ग्रामीण लेखनातील स्मरणरंजनाची चर्चा आपण पुष्कळ केली. त्यामागे ही भीती असेल, असे आम्हांस राहून राहून वाटते. यात त्या लेखकांची निर्भर्त्सना करण्याचा हेतू नाही. पण जे सांगता येत नाही त्याच्याच आसपास वाङ्मय असते, हे त्यांस आमच्याहून अधिक कळते.

कोणी म्हणेल, रोज तेच ते घडते त्याचे वाङ्मय कसे व्हावे? हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचे नवल वाटते. जात्यावर रोज तेच दळण होते आणि ओवी त्याच फेऱ्यातून निघाली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ती गोळा करून ठेवली म्हणून आपल्याला ती वाचता तरी येते. आणि वारी? त्या शब्दाचा अर्थच मुळी पुनःपुन्हा केलेली खेप असा आहे. पंढरीला एकदा जाऊन आलेला तो यात्रेकरू. वर्षानुवर्षे त्याच वाटेने, त्याच मुक्कामांनी जातो तो वारकरी. पुनरावृत्तीला एवढा मान देणारी आपली भाषा आहे. गोंदियाचे लोकही थट्टेने 'आमची रोजची वारी' म्हणतात. थट्टा त्यांची, पण शब्द योग्य पडला आहे. फरक इतकाच की या वारीत पंढरी कोणत्या टोकाला, ते निश्चित नाही. घराहून शाळेकडे जाणे ही वारी, की शाळेहून घराकडे येणे? एखादी शिक्षिका पहाटे चारला उठून दोन डबे भरते, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारखे करून निघते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकविते. तिला हा प्रश्न रोज पडत असला पाहिजे. एखाद्या कथेने तो नुसता नीट मांडला असता तरी चालले असते.

शाळेत जाणाऱ्या मुलींचे तर याहून बिकट. अहिल्याबाई होळकर योजनेखाली त्यांना एस.टी.चा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठीच सुरू झाल्या. आठवी ते बारावी या पाच वर्षांत एखाद्या खेड्यातील मुलीचे शिक्षण पुस्तकावर जेवढे अवलंबून, तेवढेच फाट्यावर गाडी थांबते की नाही यावर. २०२० च्या मार्चात गाड्या थांबल्या; २०२१ च्या नोव्हेंबरात एस.टी.चा संप पेटला तो पुढील एप्रिलापर्यंत निवला नाही. त्या दोन वर्षांत ज्या मुलींची वाट तुटली त्यांपैकी किती परत वर्गात बसल्या आणि कितींच्या हळदी लागल्या, ही एका कादंबरीची सामग्री आहे. टाळेबंदीवर मराठीत कविता उदंड झाल्या. त्या बहुतेक घरात बसलेल्यांच्या होत्या. फाट्यावर उभी राहिलेली मुलगी त्यांत शोधावी लागते.

असे लेखन कसे असावे, हे टीकाकाराने सांगू नये. एक मात्र सुचवावेसे वाटते. त्यात घटना आणण्याची घाई नको. अपघात, प्रेमप्रकरण, चोरी यांवाचून ते चालेल. मालगाडीला वाट देण्यासाठी सायंकाळची गाडी गोंदियाच्या अलीकडे सिग्नलपाशी थांबते. गावातील दिवे दिसत असतात, घर दोन-तीन किलोमीटरवर असते, आणि उतरून चालत जावे तर अंधारात रूळ ओलांडावे लागतात. डब्यातले बोलणे हळूहळू बंद होते. कोणी घरी फोन करून "आलोच" म्हणतो. हे तो कालही म्हणाला होता. समोरची बाई उद्याच्या पाठाची वही उघडते, दोन ओळी लिहिते आणि मिटते. कोळशाचे डबे एकामागून एक जात राहतात, आणि मागच्या बाकावरचा मुलगा ते मोजीत असतो.