फसलं कोण? : ‘बिलियन डॉलर व्हेल’ वाचताना

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ आम्ही किमान पाच वेळा पाहिला असेल. डिकॅप्रियो लोकांना लुबाडायचा, पैसे उधळायचा आणि एका लॅपटॉपसमोर बसलेले आम्ही आठ-दहा जण शिट्ट्या मारायचो. त्या सिनेमातच चोरीचा पैसा होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, टॉम राइट आणि ब्रॅडली होप या पत्रकारांच्या ‘बिलियन डॉलर व्हेल’ (2018) या पुस्तकातून. (आमची कॉपीही चोरीचीच होती, ते सोडा.)

प्रकरण मलेशियाचं. तिथले पंतप्रधान नजीब रझाक यांच्या काळात 2009 मध्ये ‘वनएमडीबी’ हा सरकारी गुंतवणूक निधी उभा राहिला. अमेरिकी न्याय खात्याच्या हिशेबानं त्यातले साडेचार अब्ज डॉलर लंपास झाले. सूत्रधार म्हणून नाव आलं जो लो या पेनांगच्या तरुणाचं. निधीत त्याला अधिकृत पद नव्हतं. सिनेमाची निर्मिती करणारी ‘रेड ग्रॅनाइट’ कंपनी नजीब यांच्या सावत्र मुलाची, रिझा अझीझची. या कंपनीनं 2018 मध्ये 6 कोटी डॉलर देऊन अमेरिकी सरकारशी तडजोड केली, गुन्हा कबूल न करता.

पुस्तक खाली ठेवता येत नाही, हे आधी मान्य करतो. सुरुवातच लास वेगासमधल्या जो लोच्या वाढदिवसाच्या पार्टीनं होते. पुढे शॅम्पेन, याट, हिरे, हॉलिवूडचे तारे. पण अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं, की आपण पुन्हा हॉस्टेलमध्येच बसलोय. चोराच्या ऐटीची तीच मजा घेतोय. ज्या सिनेमाबद्दल पुस्तक सांगतं, त्याच सिनेमाची चटक पुस्तकालाही लागली आहे.

माझं खरं भांडण उपशीर्षकाशी आहे. ते म्हणतं, या माणसानं वॉल स्ट्रीटला, हॉलिवूडला आणि जगाला फसवलं. फसवलं?

गोल्डमन सॅक्सनं 2012-13 मध्ये या निधीसाठी रोखे विकून साडेसहा अब्ज डॉलर उभे केले आणि सुमारे 60 कोटी डॉलर कमावले. याच बँकेच्या तपासणी विभागानं जो लोला खातं उघडायला आधी नकार दिला होता. रोख्यांच्या वेळी ‘यात लो आहे का?’ असं विचारलंही गेलं. व्यवहार करणारे ‘नाही’ म्हणाले आणि ते उत्तर चाललं. 2020 मध्ये बँकेच्या मलेशियातल्या उपकंपनीनं गुन्हा कबूल केला. फसलेल्या माणसाला कुणी 60 कोटी डॉलर देत नाही.

अजून एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. ‘आबार इन्व्हेस्टमेंट्स पीजेएस’ ही अबू धाबीची खरी कंपनी. रोख्यांचे एक अब्जाहून जास्त डॉलर गेले ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या ‘आबार इन्व्हेस्टमेंट्स पीजेएस लिमिटेड’ला. फरक एका शब्दाचा. पुण्यात मी दोन वर्षं एका परदेशी बँकेसाठी नावं जुळवणारा कोड लिहिलाय. तुलना करण्याआधी आम्ही ‘लिमिटेड’, ‘प्रायव्हेट’ असले शब्द काढून टाकायचो. म्हणजे माझ्या कोडला या दोन्ही कंपन्या एकच वाटल्या असत्या. खोटे अलर्ट किती कमी केले, यावर आमचं कौतुक व्हायचं. खरा अलर्ट सुटला का, हे मला आठवतंय तोवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता या सगळ्या गोष्टीतला सर्वात भयंकर भाग. 5 मे 2013 च्या निवडणुकीआधी, मार्चमध्ये, नजीब यांच्या खासगी खात्यात 68 कोटी 10 लाख डॉलर आले. अमेरिकी तपास म्हणतो, तो फिरून आलेला वनएमडीबीचाच पैसा. 2015 मध्ये बातमी फुटली. नजीब यांनी उपपंतप्रधान आणि ॲटर्नी जनरल, दोघांनाही हटवलं. जानेवारी 2016 मध्ये नव्या ॲटर्नी जनरलनी जाहीर केलं, की ही सौदी राजघराण्याची भेट आहे, बहुतेक रक्कम परत केली आहे, गुन्हा झालेला नाही.

हे सावकाश वाचा. निवडणुकीच्या तोंडावर परक्या देशाच्या राजघराण्यानं पंतप्रधानांना एवढी रक्कम दिली, हा आरोप नव्हता. हा बचाव होता! देशाचाच पैसा बाहेर नेऊन ‘परदेशी देणगी’च्या वेषात परत आणता येतो, कारण तसली देणगी घेण्यात कुणाला वावगं वाटत नाही. या मुद्द्यावर पुस्तकानं थांबायला हवं होतं. ते पुढच्या याटकडे पळतं.

मे 2018 मध्ये मलेशियाच्या मतदारांनी नजीब यांना घरी बसवलं. 2020 मध्ये ते एका संबंधित खटल्यात दोषी ठरले आणि 2022 मध्ये तुरुंगात गेले. निधीच्या कर्जाचा मोठा बोजा मात्र सरकारी तिजोरीवर आला. म्हणजे त्याच मतदारांवर.

पुस्तक जरूर वाचा. फक्त पार्ट्यांची पानं भरभर उलटा. सही करणाऱ्यांच्या, ‘चौकशी केली, ठीक आहे’ म्हणणाऱ्यांच्या पानांवर थांबा. ती पानं कंटाळवाणी आहेत. आमच्या ऑफिससारखी.