फॉर्मची वैधता-तपासणी आणि जुने ब्राउझर : एक चिकित्सा

जावास्क्रिप्टच्या अध्यापनात जुन्या ब्राउझरांचा प्रश्न बहुधा केवळ सुसंगततेचा मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे आकलन अपुरे आहे. फॉर्म चालतो, पण खरी माहिती नाकारतो, हा दोष अधिक गंभीर होय.

१९९५ मध्ये नेटस्केपने जावास्क्रिप्ट आणली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे जेस्क्रिप्ट हे रूप दिले. पुढे दोघांचे मार्ग भिन्न झाले आणि ब्राउझरचे नाव विचारून दुहेरी कोड लिहिण्याची सवय जडली. वास्तविक इंटरनेट एक्स्प्लोरर दीर्घकाळ स्वतःला 'मोझिला' म्हणवीत असे! नावाऐवजी हवी ती सुविधा उपलब्ध आहे काय, हे पाहणेच युक्त.

तारखेचे उदाहरण बोलके आहे. 'पार्सइंट' हे फंक्शन जुन्या ब्राउझरांत शून्याने आरंभ होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजे. त्या पद्धतीत आठ व नऊ हे अंकच नसल्याने ऑगस्ट आणि सप्टेंबर यांचे मूल्य शून्य येई. आधार दहा असे स्पष्ट लिहिले की दोष जातो. २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ ने मूळ नियमच बदलला. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख इतकी सर्रास की, चाचणीत हा दोष लक्षात येणेही अवघड!

नावांच्या तपासणीत प्रश्न अधिक जटिल होतो. केवळ इंग्रजी अक्षरे मान्य करणारा नमुना 'पेठ वडगाव' हे गावाचे नाव मराठीत तर नाकारतोच. रोमन लिपीत लिहिले तरी मधल्या मोकळ्या जागेमुळे नाकारतो. २०१८ मध्ये यूनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग नमुन्यात वापरण्याची सोय झाली. परंतु मात्रा या वर्गात मोडत नाही. ती 'चिन्ह' वर्गात येते. परिणामी 'पेठ' पहिल्या मात्रेपाशीच अडते. शिवाय हा नमुना थेट कोडात लिहिल्यास जुना ब्राउझर संपूर्ण स्क्रिप्टच नाकारतो आणि फॉर्म विनातपासणी पुढे जातो. देवनागरीचा यूनिकोड पट्टा सांकेतिक क्रमांकांनी दिल्यास जुन्या ब्राउझरांतही काम भागते. मात्र 'गोऱ्हे'सारखे आडनाव टंकलिखित करताना काही कळफलकांतून येणारा अदृश्य जोडक त्या पट्ट्याबाहेर राहतो, तो वेगळा द्यावा लागतो.

एचटीएमएल ५ मधील अनिवार्यतेची खूण हाही पूर्ण आधार नव्हे. २०१७ पूर्वीची सफारी ती ओळखत असे, पण रिकामा फॉर्म अडवीत नसे. अंतिम तपासणी सर्व्हरवरच व्हावयास हवी. ब्राउझरमधील तपासणीचे काम अर्जदाराला वेळीच सूचना देण्याचे, आणि संशय असल्यास नाव स्वीकारण्याचे.