अभिधेचा हट्ट : कार्ल फालेंटिनचा विनोद

एका बांधकाम कंपनीने बांधणीसाठी दिलेली बारा पुस्तके तयार झाली आहेत. ती बिलासह पोचवावीत काय, एवढेच पुस्तकबांधणी करणाऱ्या वानिंगरला विचारायचे आहे. म्हणून तो दूरध्वनी करतो. दरवान त्याला सचिवाकडे जोडून देतो, सचिव दुसरीकडे, तेथून अभियंता, मग वास्तुशिल्पी, मग आणखी कोणी. प्रत्येकापुढे वानिंगरला आपले वाक्य पहिल्यापासून म्हणावे लागते आणि प्रत्येक वेळी ते अधिक गुंततूत जाते. अखेरीस हिशेबखाते त्याला सांगते की कचेरीची वेळ संपली आहे, उद्या पुन्हा दूरध्वनी करावा. कार्ल फालेंटिनचा हा प्रवेश १९४० मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यात घडत काहीच नाही. एक साधे वाक्य आहे, आणि ते ऐकून घेणारा कोणी नाही.

हा प्रवेश सर्वस्वी ध्वनीचा आहे. रंगमंच, वेशभूषा, प्रकाश यांपैकी कशाचीही त्याला गरज नाही. नभोवाणीसाठीच तो जन्माला आला असावा असे वाटण्याजोगी त्याची घडण आहे. असे असूनही नभोवाणीच्या श्रोत्यांनीच आयुष्याच्या अखेरीस फालेंटिनला नाकारले. ही विसंगती केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या विनोदाचे स्वरूप काय होते, या प्रश्नाशी ती थेट निगडित आहे.

फालेंटिन लुटविग फाय हे त्याचे मूळ नाव. ४ जून १८८२ रोजी म्युनिकच्या आउ या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्याचा जन्म झाला. वडिलांचा सामानवाहतुकीचा व्यवसाय होता. मुलगा सुतारकाम शिकला. १९०२ मध्ये वडील वारले आणि काही वर्षांत व्यवसाय विकावा लागला. हाती आलेल्या पैशातून त्याने सुमारे वीस वाद्ये एकट्याने वाजवता येतील असे एक अजस्र यंत्र तयार केले आणि ते घेऊन तो दौऱ्यावर निघाला. दौरा पूर्ण फसला. यंत्र त्याने स्वतःच मोडून टाकले. १९०८ च्या सुमारास म्युनिकमधील बिअरगृहांच्या छोट्या रंगमंचांवर तो स्वगते सादर करू लागला. १९११ मध्ये त्याला एलिझाबेथ वेलानो भेटली. लीझल कार्लश्टाट या नावाने ती पुढे अडीच दशकांहून अधिक काळ त्याची सहकलावंत राहिली. वाद्यवृंदाचा चिडखोर संचालक, बापाबरोबर उपाहारगृहात आलेला मुलगा अशा पुरुषभूमिकाही तिने इतक्या सहजतेने वठवल्या की तिला केवळ साथीदार म्हणणे हा अन्याय ठरेल.

आपल्या नावाचा उच्चार 'वालेंटिन' असा झालेला त्याला खपत नसे. जर्मनमध्ये वडिलांना 'फाटर' म्हणतात, 'वाटर' नव्हे. मग फालेंटिनचा वालेंटिन का व्हावा, असा त्याचा युक्तिवाद होता. वरवर किरकोळ भासणाऱ्या या हट्टात त्याच्या विनोदाचे बीज आहे. भाषेने एकदा नियम सांगितला की तो शेवटपर्यंत पाळायचा, मग व्यवहार कोलमडला तरी चालेल.

मराठी समीक्षेत रूढ असलेली शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ विनोद ही विभागणी येथे अपुरी पडते. फालेंटिनला शब्दनिष्ठ विनोदकार म्हणावे, तर कोटीबाज लेखकाच्या पंक्तीला तो बसत नाही. कोटी करणारा दोन अर्थ जाणतो आणि त्यांच्याशी खेळतो. फालेंटिनच्या पात्राला एकच अर्थ दिसतो आणि त्यातून त्याची सुटका होत नाही. भारतीय साहित्यशास्त्राची परिभाषा येथे अधिक उपयोगी पडते. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, की मुख्यार्थाला बाध येतो आणि वाडा काठावर आहे असा अर्थ ऐकणारा लक्षणेने घेतो. फालेंटिनचा माणूस असा मुख्यार्थबाध मान्यच करत नाही. प्रवाहात गाई उभ्या कशा राहतात, याची तो गांभीर्याने चौकशी करील. त्याच्या एका प्रसिद्ध प्रवेशात चष्म्याला काचा नसल्याचे त्याच्या लक्षात आणून दिले जाते. ते त्याला ठाऊकच असते. पण काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे उत्तर असते. उत्तर चुकीचे नाही. 'काहीच नसण्यापेक्षा बरे' हे वचन सगळे जगच वापरते, तो ते केवळ अक्षरशः पाळतो.

कुर्ट टुखोल्स्कीने १९२४ मध्ये 'वेल्टब्यूने' या साप्ताहिकात त्याच्यावर लेख लिहिला आणि त्याला 'लिंक्सडेंकर', म्हणजे डाव्या अंगाने विचार करणारा, अशी संज्ञा दिली. त्यात राजकीय डावेपणा अभिप्रेत नव्हता. उजव्या हाताच्या जगात डाव्या हाताने वावरणाऱ्या बुद्धीची ती खूण होती. त्याच वर्षी म्युनिकमध्ये ब्रेख्त दुसऱ्या एडवर्डवरील आपले नाटक बसवत होता. लढाईपूर्वी सैनिक कसे दिसतात, असे त्याने फालेंटिनला विचारले. ते भ्यालेले असतात, पांढरे पडतात, असे साधे उत्तर मिळाले. ब्रेख्तने सैनिकांचे चेहरे खडूने पांढरे रंगवले. 'पांढरे पडणे' या शब्दप्रयोगाची अभिधा रंगमंचावर उतरली. ब्रेख्तच्या पुढील नाट्यविचारात या क्षणाला मोठे स्थान आहे, आणि विदूषक फालेंटिनकडून आपण पुष्कळ शिकलो हे त्यानेही लपवले नाही. १९३७ मध्ये म्युनिकला आलेल्या सॅम्युएल बेकेटनेही फालेंटिनचा प्रयोग पाहिला होता. मात्र त्या एका संध्याकाळीतून बेकेटच्या नंतरच्या नाटकांचा उगम शोधणे हा अभ्यासकांचा उतावीळपणा होय.

रंगमंचावरील फालेंटिन हा प्रथम डोळ्यांनी पाहण्याचा विषय होता. काटकुळा उंच देह, चिकटवलेले लांब नाक, पायांत प्रचंड बूट. आंगिक आणि आहार्य अभिनयाची ही सामग्री प्रेक्षकाला आधीच सावध करत असे. समोर उभा असलेला माणूस विचित्र आहे हे दिसत असल्यामुळे त्याचे विचित्र बोलणे निर्धास्तपणे हसून घेता येई. बर्लिनमधून २९ ऑक्टोबर १९२३ रोजी जर्मन नभोवाणी सुरू झाली आणि ३० मार्च १९२४ रोजी म्युनिकचे केंद्र बोलू लागले, तेव्हा फालेंटिन एकेचाळीस वर्षांचा होता. बिअरगृहातील धूर, ताटांचे आवाज आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांत त्याची कला घडलेली होती. एकच संवाद तो रोज नव्याने लांबवी वा मोडी. नवे माध्यम मिनिटांनी मोजलेले होते आणि त्याला लिखित संहितेची अपेक्षा होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या माध्यमाने त्याच्यापासून देह काढून घेतला आणि केवळ वाचिक उरू दिले. देहाशिवायचा हा आवाज शेजारच्या खोलीतल्या कोणाही माणसाचा असू शकतो. त्याचा हट्ट, त्याची भीती, वाक्य पुरे करण्याची त्याची केविलवाणी धडपड यांना आता लांब नाकाचे संरक्षण नाही. हास्याखाली दडलेला करुण येथे उघडा पडतो. वानिंगरच्या प्रवेशाची ताकद यातच आहे, आणि श्रोत्याला तो अस्वस्थ करतो त्याचेही कारण हेच.

१९३३ नंतरच्या त्याच्या आयुष्याविषयी लिहिताना संयम आवश्यक आहे. राजवटीची टिंगल करणारे अनेक चुटके त्याच्या नावावर सांगितले जातात. त्यांतील बहुतेकांना भक्कम आधार नाही. तो बंडखोर नव्हता, राजवटीचा भाटही नव्हता. आजार, प्रवास आणि अधिकारी या सर्वांना तो सारखाच घाबरे. तरीही त्याच्या कलेतले काहीतरी सत्तेला खुपलेच. १९३६ मधील 'डी एर्बशाफ्ट' (वारसा) या चित्रपटात एका दरिद्री जोडप्याला वारशाने मिळालेले फर्निचर बुटक्या माणसाच्या मापाचे निघते. चित्रपटात दैन्याचे दर्शन आहे, या कारणास्तव त्यावर बंदी आली. राष्ट्राच्या उत्कर्षाची रोज ग्वाही देणाऱ्यांना रिकाम्या खोलीतला विनोद सोसवला नाही. त्याआधी १९३४ मध्ये उघडलेले त्याचे विचित्रवस्तूंचे प्रदर्शन बुडाले होते आणि त्यात कार्लश्टाटची सारी शिल्लक गेली होती. १९३५ मध्ये तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. फालेंटिनचा गौरव करणाऱ्या लेखनात ही बाब पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. त्याच्या विनोदाची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

युद्धाच्या अखेरच्या वर्षांत तो म्युनिकजवळच्या प्लानेग येथे राहिला. रंगमंच सुटला होता. युद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनाखालील म्युनिक नभोवाणीने त्याच्यावर आधारलेली मालिका सुरू केली, पण श्रोत्यांच्या नापसंतीमुळे ती थोड्याच प्रक्षेपणांनंतर बंद करण्यात आली. श्रोत्यांवर अभिरुचिहीनतेचा ठपका ठेवणे सोपे आहे. पण शहर ढिगाऱ्याखाली होते, घरोघरी भूक होती. शिधापत्रिकेसाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवला जाणारा प्रत्येक नागरिक त्या दिवसांत वानिंगर झालेला होता. आपलेच वाक्य, आपलेच अडखळणे नभोवाणीवरून ऐकण्याची त्याची तयारी नव्हती. याच काळात फालेंटिनने युद्धाविषयी बाप आणि मुलगा यांचा संवाद लिहिला. मुलगा अगदी साधे प्रश्न विचारतो आणि बापाजवळची सगळी मोठी उत्तरे एकामागून एक निकामी होतात. अभिधेचा हट्ट येथे विनोदाच्या सीमेवर येऊन ठेपला आहे.

लोकांना विनोद हवा होता, पण दिलासा देणारा. तो त्यांना त्याच नभोवाणीवरून कार्लश्टाटने दिला. पुढे 'फामिली ब्रांडल' या कौटुंबिक मालिकेतील आईच्या भूमिकेने ती बव्हेरियातील घराघरांत पोचली. तिच्या आवाजात ऊब होती. फालेंटिनच्या आवाजात ती कधीच नव्हती. दोघांमध्ये श्रेष्ठ कोण हा प्रश्न निरर्थक आहे, परंतु नभोवाणी या माध्यमाला कोणता आवाज मानवतो याचे उत्तर त्या दोघांच्या दैवातून मिळते.

मिळकत थांबल्यावर फालेंटिन पुन्हा सुतारकामाकडे वळला आणि लाकडी चमचे व घरगुती वस्तू करून विकू लागला. १९४८ च्या जानेवारीत तो कार्लश्टाटबरोबर म्युनिकच्या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला. त्यानंतर लवकरच, ९ फेब्रुवारी १९४८ रोजी, कार्निव्हलच्या सोमवारी, कृश झालेल्या देहाला फुप्फुसाचा दाह न सोसवून त्याचे निधन झाले. त्याचे हस्तलिखित साहित्य आणि संग्रह घेण्यास म्युनिक शहराने नकार दिला. १९५३ मध्ये ते कोलोनच्या विद्यापीठातील नाट्यसंग्रहाकडे गेले. त्याच वर्षी म्युनिकच्या बाजारचौकात त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारण्यात आले. १९५९ मध्ये ईजार वेशीच्या मनोऱ्यात त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. हिवाळ्यासाठी केसाळ कातडे गुंडाळलेली दातकोरणी तेथे ठेवलेली आहे. सुतारकाम सोडताना त्याने ते ज्या खिळ्याला टांगले, तो खिळाही तेथे आहे.